दाबलं एक, उघडलं दुसरंच: टचस्क्रीनवर बोट का चुकतं

माझी आत्या पुण्यात शनिवार पेठेत राहते. चाळीस वर्षं तिने ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले. गेल्या पावसाळ्यात तिने फोनवरून विजेचं बिल भरलं आणि पैसे दोनदा गेले. "पैसे भरा" दाबलं, काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "अरे, माझ्या बोटातच दोष आहे. हा फोन माझं ऐकतच नाही."

मी बाणेरला एका कंपनीत मोबाइलच्या स्क्रीन आखायचं काम करतो. आत्याचं हे वाक्य मी मंडईतल्या भाजीवाल्या मावशींकडून ऐकलंय, सोसायटीच्या वॉचमनकाकांकडून ऐकलंय, निवृत्त शिक्षकांकडूनही ऐकलंय. प्रत्येक जण दोष स्वतःकडे घेतो. आता गॅस सिलिंडर, वीज, मेट्रोचं तिकीट, दवाखान्याचा नंबर, सगळंच काचेवर आलंय. तेव्हा ही काच बोटाला कशी ओळखते आणि तिच्यावरचं बटण कुठे, केवढं ठेवायचं हे कशावरून ठरतं, ते प्रत्येकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एकच जड शब्द आधी सांगून ठेवतो: इंटरफेस. माणूस आणि यंत्र यांची जिथे गाठ पडते ती जागा. बँकेत जशी खिडकी असते तशी. आतला हिशोब कितीही चोख असला, तरी खिडकी डोक्याच्या वर असेल आणि तिची काच गढूळ असेल, तर बाहेरच्या माणसाचं काम अडतं. यापुढे मी "स्क्रीन" म्हणेन तेव्हा ही खिडकीच डोळ्यांसमोर आणा.

काचेला बोट कसं कळतं

फोनच्या काचेखाली उभ्या-आडव्या पट्ट्यांची एक जाळी असते. ती बऱ्याचदा इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाची असते. त्यातून वीज वाहते आणि पलीकडचंही दिसतं, म्हणून जाळी आपल्या नजरेस पडत नाही. जिथे उभी आणि आडवी पट्टी एकमेकींना ओलांडतात, तिथे अगदी थोडा विद्युतभार साठलेला असतो. आपलं शरीर म्हणजे खारट पाणी, विजेचं वाहक. बोट जवळ आलं की त्या जागचा थोडा भार ते आपल्याकडे ओढतं. फोनमधली एक चिप सेकंदाला साठ, काही फोनमध्ये एकशेवीस किंवा त्याहूनही जास्त वेळा सगळी जाळी तपासते आणि भार कुठे कमी झाला ते बघते. एका बोटाखाली जाळीचे अनेक छेद येतात. चिप त्यांचा हिशोब करून मधला बिंदू काढते आणि "इथे स्पर्श झाला" असं सांगते.

या सगळ्यात दाब कुठेच मोजला जात नाही. आपण मात्र लिफ्टचं बटण, मिक्सरचं बटण, शिलाई मशीनचा पायटा अशा दाबायच्या वस्तूंवर वाढलो. फोन ऐकत नाही म्हटल्यावर हात आपोआप जोर लावतो. जोर लावला की बोटाचा गर चपटा होतो, स्पर्शाची जागा पसरते, तिचा मध्य सरकतो आणि नेम आणखी चुकतो.

आत्याकडे गेलो तेव्हा तिचं बोट नीट बघितलं. सुई-कात्री धरून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, कातडी कोरडी झालीय. जाड, कोरड्या कातडीमुळे बोटाचा वाहक भाग जाळीपासून दूर राहतो आणि चिपपर्यंत पोचणारा फरक कमी होतो. शिवाय ती नखाच्या टोकाने टॅप करत होती. नख विजेचं वाहक नाही. नुसतं नख लागलं तर फोनच्या लेखी तिथे कुणी आलंच नाही.

पावसात उलटं होतं. जुलैत कर्वे रस्त्याला झाडाखाली थांबून फोन काढला की काचेवरचे थेंबही भार बदलतात. मग बोट कोणतं आणि थेंब कोणता, हा चिपचा गोंधळ होतो आणि स्क्रीन आपोआप उड्या मारल्यासारखी वागते. अशा वेळी काच कोरडी पुसून मगच पैशाचं काम करावं.

जुन्या टचस्क्रीन वेगळ्या असायच्या. त्यांत दोन थर असत आणि दाबल्यावर ते एकमेकांना टेकत. त्यामुळे नख, पेनाचं टोपण, काडी, काहीही चालायचं. २००७ मध्ये पहिला आयफोन आला आणि त्यानंतर हातातल्या फोनमध्ये विद्युतभार ओळखणारी काच सगळीकडे रूढ झाली. हलका स्पर्श पुरू लागला, दोन बोटांनी फोटो मोठा करता येऊ लागला. त्याबरोबर घट्टे पडलेली, हातमोजे घातलेली आणि ओली बोटं अडचणीत आली.

बोट जाड, बटण बारीक

प्रौढ माणसाच्या तर्जनीची रुंदी साधारण १६ ते २० मिलिमीटर असते. काचेला टेकणारा भाग त्याहून लहान असतो. तरीही संगणकावरच्या बाणाच्या टोकाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. त्यात बोट टेकलं की ते खालचं बटण झाकूनही टाकतं. नेम धरायचा तो नेमका न दिसणाऱ्या जागेवर.

आणखी एक गंमत सांगतो. आपण बोटाकडे वरून बघतो, त्यामुळे नखाच्या टोकाशी स्पर्श होतोय असं वाटतं. प्रत्यक्षात टेकतो तो गर, थोडा खालच्या अंगाला. बरेच फोन हे जाणतात आणि स्पर्शाचा बिंदू किंचित वर सरकवून धरतात. म्हणून काउंटरपलीकडून कुणी तुमच्या फोनवर उलट्या बाजूने बोट ठेवलं, की बऱ्याचदा भलतंच उघडतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचाली मोजून एक नियम मांडला: लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. आत्याला हे मी सुईच्या भाषेत सांगितलं. दाभणाच्या नेढ्यात सुतळी न बघता ओवता येते. बारीक सुईत रेशीम ओवायचं तर चष्मा लावून, श्वास रोखून, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. घाई केली तर दोरा बाजूने जातो. "मग हे लोक सगळीकडे बारीक सुयाच का ठेवतात?" असं तिने विचारलं. रास्त प्रश्न आहे.

नियम अस्तित्वात आहेत. अँड्रॉइडसाठी गूगल सांगतं की स्पर्शाची जागा निदान ४८ एकक असावी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. ॲपलचा आकडा ४४ एककांचा आहे, साधारण ७ मिलिमीटर. दोन बटणांत मोकळी जागा ठेवा, असंही गूगलच्या सूचनांत आहे. तरीही "रद्द करा" आणि "पुढे जा" एकमेकांना खेटून बसवलेली स्क्रीन मला दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसते. कारण साधं आहे. स्क्रीन आखणारा मोठ्या मॉनिटरवर आखतो, तरण्या डोळ्यांनी तपासतो आणि माउसने क्लिक करून बघतो. बोट तिथे येतच नाही.

"मोठी बटणं केली तर ॲप बोजड दिसेल"

हा आक्षेप मी मीटिंगमध्ये नेहमी ऐकतो. दिसणारं चिन्ह आणि स्पर्श ओळखणारी जागा सारखीच असावी लागत नाही. बारीक फुलीच्या चिन्हाभोवती न दिसणारी मोकळी जागा त्याच बटणाच्या मालकीची करून टाकता येते. बोट थोडं बाजूला पडलं तरी काम होतं. फोनचे काही कीबोर्ड याहून पुढे गेलेत. आधीची अक्षरं बघून पुढचं अक्षर कोणतं असेल याचा ते अंदाज बांधतात आणि त्या अक्षराची स्पर्शाची जागा गुपचूप मोठी करतात. डोळ्यांना सगळी बटणं सारखीच दिसतात.

तरीही जागा पुरत नसेल, तर बहुतेक वेळा एका स्क्रीनवर फार गोष्टी कोंबलेल्या असतात. ज्या मिसळीच्या हॉटेलात फळ्यावर चारच पदार्थ लिहिलेले असतात, तिथे ऑर्डर पटकन दिली जाते. बारा पानी मेनूकार्ड हातात आलं की सगळं टेबल खोळंबतं. बिल भरायच्या स्क्रीनवर कर्जाची जाहिरात, मित्राला बोलवा, विमा घ्या आणि सोनं घ्या यांची काहीएक गरज नाही.

अंगठा पोचतो कुठवर

स्वारगेटहून कात्रजला जाणारी बस डोळ्यांसमोर आणा. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात फोन, आणि काम करणारा एकच अंगठा. २०१३ मध्ये अमेरिकेतले डिझाइनर स्टीव्हन हूबर यांनी रस्त्यात, बसमध्ये, दुकानांत १,३३३ लोक फोन कसा वापरतात ते पाहून नोंदवलं. त्यांतले ७८० जण काचेला बोट लावून काही करत होते, आणि त्या ७८० पैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंचांची होती. आता साडेसहा इंचांचे फोन सर्रास दिसतात. अंगठा मात्र तेवढाच राहिला.

अंगठा सहज फिरतो तो खालच्या आणि मधल्या भागात, घड्याळाच्या लंबकासारखा. वरचा पलीकडचा कोपरा गाठायचा तर फोन हातात सरकवावा लागतो, आणि तिथेच तो हातातून सुटतो. म्हणून हल्ली मुख्य बटणं खाली आली आहेत. आयफोनच्या ब्राउझरमधली पत्त्याची पट्टीसुद्धा २०२१ मध्ये खाली आणली गेली. मी स्वतः एक पथ्य पाळतो: रोज लागणारं बटण अंगठ्याखाली, आणि "खातं बंद करा" यासारखं क्वचित लागणारं, नुकसान करणारं बटण मुद्दाम लांब. घरात कीटकनाशकाची बाटली फडताळाच्या वरच्या खणात ठेवतात, तसं.

दाबलं गेलं की नाही, हे कळायचं कसं

आत्याचं बिल दोनदा गेलं ते इथे. शिलाई मशीन पायटा दाबताच आवाज करतं. कडी लागली की खट् होतं. काच यातलं काहीच करत नाही. तिला ते मुद्दाम शिकवावं लागतं.

यासाठी माणसं संगणक कसा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले तीन आकडे आम्ही अजूनही वापरतो. एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर "माझ्या हातून लगेच घडलं" असं वाटतं. एक सेकंदापर्यंत विचारांची लय टिकते. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं. बँकेकडून उत्तर यायला पाच सेकंद लागतील, नेटवर्क गेलं तर जास्त. पण बटणाचा रंग बदलायला बँकेचं उत्तर लागत नाही. बोट टेकताच बटण खाली गेल्यासारखं दिसलं पाहिजे, फोन हलकेच थरथरला पाहिजे आणि त्याच जागी "पैसे जात आहेत, थांबा" असं आलं पाहिजे. तोवर ते बटण पुन्हा दाबलं जाताच कामा नये.

एवढ्यावर भागत नाही. आतल्या यंत्रणेनेही एका बिलासाठी एकच खूणगाठ ठेवायला हवी. पिठाच्या गिरणीत डब्यावर नावाची चिठ्ठी लावलेली असते. तुम्ही काउंटरवर येऊन चारदा विचारलंत म्हणून तेच गहू चारदा दळले जात नाहीत. पहिल्या वेळची आणि दुसऱ्या वेळची विनंती एकाच चिठ्ठीची आहे, हे ओळखलं असतं तर आत्याचे पैसे वाचले असते. तिचे जादाचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले, पण ते दोन महिने तिला औषधांच्या खर्चात ओढाताण करावी लागली.

या बाबतीत मला सगळ्यात आवडलेली रचना मंडईत आहे: पैसे आल्यावर मोठ्याने आकडा बोलणारा छोटा स्पीकर. भाजीवाल्या मावशींचे हात ओले असतात, मातीचे असतात, समोर चार गिऱ्हाइकं असतात. त्यांना स्क्रीनला हातही लावावा लागत नाही.

चुकीच्या बटणावर बोट टेकलं तर

हे बहुतेकांना माहीत नसतं आणि फार उपयोगी आहे. नीट बनवलेल्या ॲपमध्ये काम सुरू होतं ते बोट टेकल्यावर नाही, उचलल्यावर. म्हणून चुकीच्या बटणावर बोट टेकल्याचं लक्षात आलं तर घाबरून उचलू नका. तसंच काचेवरून बाजूला सरकवा आणि मोकळ्या जागी उचला. बहुतेक वेळा काहीही होत नाही.

थोडं थांबून राहिलं तर मात्र वेगळा अर्थ निघतो. साधारण अर्धा सेकंद बोट टेकून राहिलं की फोन त्याला "दाबून धरलं" समजतो आणि वेगळाच मेनू उघडतो. बोट थोडं हललं की त्याला तो सरकवणं समजतो. हात कापणाऱ्या माणसाला दोन्हीचा त्रास होतो. ज्याने हे अर्ध्या सेकंदाचं माप ठरवलं, त्याचा हात कापत नव्हता.

मराठी अक्षरं वरही वाढतात आणि खालीही

भारतीय भाषा संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यातच, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत झालं. मराठीसकट भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड १९९१ च्या भारतीय मानकात आहे. त्याच शहरात बसून आम्ही इंग्रजीच्या मापाने बटणं कापतो, याचं मला वाईट वाटतं.

रोमन अक्षरांना पुरेल एवढीच उंची ठेवली तर देवनागरीचं डोकं आणि पाय छाटले जातात. "पैसे" वरून कापला की "पसे" होतो, "बंद" चा "बद" होतो. एकदा तपासणीत "पाठवू" या शब्दाचा खालचा ऊकार कापला गेला आणि "पाठव" उरलं. फोन विचारत होता, तो हुकूम सोडू लागला. थोडी जास्त उंची दिली की हा प्रश्न सुटतो.

शब्दांचंही तेच. "बुकिंग रद्द करायचं?" असं विचारून खाली "रद्द करा" आणि "ठीक आहे" अशी दोन बटणं दिली, तर भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. बुकिंग रद्द की रद्द करणं रद्द? "बुकिंग मोडा" आणि "बुकिंग राहू द्या" असं लिहिलं की विचारायला शेजाऱ्याकडे जावं लागत नाही. "व्यवहार अधिकृत करा" याच्या जागी "पैसे पाठवा" लिहिल्याने कुठलाही कायदा मोडत नाही.

"लहान मुलं तर पटापट वापरतात!"

आत्यासारख्यांना गप्प करणारं हे वाक्य आहे. मुलं चुकत नाहीत असं नाही. ती चुकतात, मागे येतात, पुन्हा दाबतात. त्यांचं काही पणाला लागलेलं नसतं. आत्याच्या फोनमध्ये तिची पुंजी आहे. एक चूक म्हणजे महिन्याचं गणित बिघडणं. जी माणसं जपून वापरतात त्यांना ढ समजणं अन्यायाचं आहे. चूक झाली तरी मागे येता येतं याची खात्री स्क्रीनने दिली, तर साठीतली माणसंही धिटाईने शिकतात. हे मी समोर बसून पाहिलंय.

मग खरी बटणंच परत का आणत नाहीत?

फोनमध्ये ते जमणार नाही. एकच काच कधी कीबोर्ड, कधी नकाशा, कधी कॅमेरा होते, हाच तिचा फायदा. १९७० च्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत टचस्क्रीन बसवली गेली, तीही प्रचंड यंत्राची शेकडो बटणं थोड्या पडद्यांत मावावीत म्हणूनच.

पण डोळे दुसरीकडे हवे असतात तिथे काच धोक्याची ठरते. खरं बटण न बघता चाचपता येतं, काच चाचपता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाच्या जॉन एस. मॅकेन या युद्धनौकेची एका टँकरशी टक्कर झाली आणि दहा नौसैनिक गेले. चौकशीत सुकाणू आणि वेग सांभाळणाऱ्या टचस्क्रीनच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं. पुढे नौदलाने वेगासाठी हाताने ओढायचे दांडे परत आणायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींसाठी खऱ्या बटणांना महत्त्व दिलंय. दुचाकींच्या या शहरात हँडलला फोन लावून सिंहगड रस्त्याने जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पत्ता गाडी सुरू करण्याआधीच टाका, आवाज चालू ठेवा आणि काचेला हात लावायचा असेल तर गाडी बाजूला घ्या.

चूक मुद्दाम घडवली जाते तेव्हा

फिट्स यांचा नियम उलटाही वापरता येतो. "हो, विमा घ्या" हे बटण मोठं, हिरवं, अंगठ्याखाली. "नको" मात्र फिकट करड्या अक्षरात, कोपऱ्यात. अशा फसव्या रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे १३ प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, "फक्त दोनच उरले" अशी खोटी घाई करणं, नकार देणाऱ्याला ओशाळवाणं वाटेल अशी वाक्यं लिहिणं हे सगळं त्यात येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

काही वेळा हेतू वाईट नसतो, पण माणूस दाराबाहेरच राहतो. बँकेची ओळख पटवताना "डोळे मिचकवा" असं फोन सांगतो. ॲसिडहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनी काय करायचं? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याच्या पद्धती बदलण्यासाठी २० निर्देश दिले. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा.

आत्याच्या फोनमध्ये काय बदललं

तिच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन "दाबून धरण्याचा" वेळ वाढवला. नुसती अक्षरं मोठी करून न थांबता डिस्प्लेचा आकारही एक घर वाढवला. त्याने बटणंसुद्धा मोठी होतात. स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय तिच्या फोनमध्ये होती, तीही चालू केली. जाड संरक्षक काच काढून पातळ लावली. नखाऐवजी बोटाचा गर, आणि जोर न लावता नुसता टेकवायचा, हे तिला दोन मिनिटांत जमलं. सुईवर चाळीस वर्षं काढलेला हात आहे तो.

आता आमच्याकडे नवी स्क्रीन तयार झाली की तिची पहिली प्रत मी शनिवार पेठेत नेतो. मागच्या वेळी जन्मतारखेची स्क्रीन होती. चालू महिन्याचं कॅलेंडर उघडत होतं आणि एकेक महिना मागे सरकवत जायचं होतं. आत्या काही वेळ सरकवत राहिली, मग फोन खाली ठेवून म्हणाली, "१९५८ पर्यंत जायचं म्हणजे रात्र होईल रे." सोमवारी ते कॅलेंडर काढून टाकलं. त्या जागी आता तीन चौकटी आहेत: दिवस, महिना, वर्ष. आकडे टाइप करायचे.